घोयऱ्याचा खुराक

४ सप्टेंबर १९८३, रविवार. सकाळी ढग, दुपारी कडक ऊन. सुलाबाईकडून मेथीची जुडी घेतली, निम्मी किडकी निघाली. मागच्या गल्लीत लोक दोन सरड्यांना दगड मारत होते. एक मेला. दुसरा ह्यांनी घरी आणला. त्याने ह्यांचं बोट सोडलं नाही. रॉकेलची गाडी आजही आली नाही.

चतुराबाईने त्या दिवशी एवढंच लिहिलं. लिहिलं ते सगळं खरं होतं, पण गल्लीत जे झालं त्याच्या पावपटही त्यात नव्हतं.

झालं होतं असं. कोणीतरी बाभळीच्या जळणाचा भारा गल्लीत आणून टाकला आणि त्यातून दोन घोयरे निघाले. घोयऱ्या म्हणजे कुंपणावर मान हलवणारा साधा सरडा नव्हे. हा अंगाने चपटा, पानासारखा हिरवा, डोक्यावर टोपीसारखा उंचवटा, शेपटीची गुंडाळी, आणि डोळे असे की एक पुढे बघतो तेव्हा दुसरा मागे बघतो. त्याची थुंकी अंगावर पडली की माणूस वाळत वाळत मरतो, असं गल्लीतले लोक मानत. म्हणून तो दिसला की कोणी पळत नसे, आधी दगड शोधत. पहिल्या घोयऱ्याचं डोकं विटेखाली चेपून गेलं होतं, तरी त्याचं अंग अजून हिरव्याचं काळं आणि काळ्याचं हिरवं होत होतं. दुसरा भिंतीला चिकटला होता. एक पाय उचलायचा तर हवेत धरून पुढेमागे झुलत बसणारं ते जनावर, पळून पळणार किती? तो झुलायचा आणि शेजारी दगड आदळायचा.

तेवढ्यात चतुराबाईचा नवरा चिमाजी वस्ताद काठी टेकत तिथून चालला होता. त्याला दया आली असं कोणी म्हणू नये. दयेच्या वाटेला तो कधी गेला नव्हता. भिंतीचा आधार घ्यायला त्याने काठी काखेत मारली, उजवा हात पुढे केला आणि त्या जनावराने त्याचं बोट धरलं. दोन नख्या एका बाजूने, तीन दुसऱ्या बाजूने, चिमट्यासारख्या.

"अरे तिच्या!" वस्ताद थांबला. "पकड हाय ही!"

"वस्ताद, फेका तो, थुंकंल!" पिठाच्या गिरणीवाला भिकन ओरडला आणि हातातला दगड त्याने मारलाच. तो वस्तादाच्या कोपराला लागला. वस्तादाचं डावं अंग लकव्याने गेलेलं, उजव्या हातावर सरडा. त्याने हात तसाच वर धरला, दोन पावलं पुढे झाला आणि कपाळ भिकनच्या तोंडावर घातलं. भिकन खाली बसला. तोंडातून त्याने थुंकलं ते दोन दात होते.

वस्ताद घरात शिरला तो बोट पुढे धरूनच. "चतुरे, पकड बघ! एवढी वर्षं तालीम चालवली, एका पठ्ठ्याची अशी पकड नव्हती."

चतुराबाईने आधी त्याच्या कपाळाकडे पाहिलं. "रक्त कोणाचं?"

"भिकनचं. तू पकड बघ की."

चतुराबाई कॉन्व्हेंटात शिकलेली हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं आणि कोणालाच खरं वाटत नसे. तिचा बाप तिथल्या बागेचा माळी. गुलाबांना आळी करता करता त्याने सिस्टर मोनिकांना विनंती केली आणि पोर शेवटच्या बाकावर बसली. तिथे तिला स्वच्छ अक्षर मिळालं, इंग्रजी प्रार्थना मिळाल्या आणि एक सवय मिळाली. "रोज चार ओळी लिही," सिस्टर म्हणाल्या होत्या. "घरात काय झालं ते लिही. तुला काय झालं ते देवाला सांग. वहीला रडगाणं ऐकवू नये." चतुराबाईने ते आयुष्यभर पाळलं.

बापाला कुस्तीचं वेड. जत्रेत चिमाजीने एका नावाजलेल्या पैलवानाला पाठीवर घेऊन आपटला, त्याच्या बरगड्या मोडल्या, आणि बापाने तिथल्या तिथे जावई ठरवला. लग्न होऊन ती आली ती तालमीच्या मागच्या दोन खोल्यांत. स्वयंपाकघराची जाळीची खिडकी तालमीच्या हौद्यावर, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या खड्ड्यावर, उघडायची, तीही इतकी खाली की चुलीपाशी बसलं की लाल मातीत नाचणारे नुसते पाय दिसत. बाईने तालमीचा उंबरा ओलांडायचा नाही, आत मारुती आहे, असा दंडक होता. त्यामुळे पठ्ठ्यांची तोंडं तिला ठाऊक नव्हती; पायांवरून ती त्यांना ओळखायची.

पठ्ठ्यांचा खुराक तीच शिजवायची आणि वस्ताद तो समोर बसून घालायचा. हा त्याचा नेम. पठ्ठ्या खात असताना वस्तादाने मांडी घालून समोर बसायचं, घासाघासावर नजर ठेवायची, ताटात काही राहिलं की पाठीवर वेत. अंडी नको म्हणणाऱ्या एकाच्या नाकपुड्या दाबून त्याने अंडी भरवली होती. हाच नेम घरात. चतुराबाईने सासरचा एकही घास त्याची नजर नसताना गिळला नव्हता. पहिल्या वेळी दिवस गेले तेव्हा तिला दुधाचा वास सहन होईना. वस्ताद बदाम घातलेल्या दुधाचा पेला घेऊन समोर बसला. तिने प्यायलं, ओकली. त्याने परत भरून दिला. ती परत ओकली, तेव्हा त्याने बसल्या जागेवरून लाथ घातली. ते पोट राहिलं नाही, आणि नंतर कधी राहिलंच नाही. त्या दिवशीच्या पानावर एकच ओळ आहे: हरभऱ्याची डाळ निवडून ठेवली.

लकवा झाला आणि तालीम बंद पडली. पठ्ठे पांगले. पूर्वी वस्तादाचा मार दहा जणांत वाटला जायचा, आता सगळा तिच्या एकटीच्या वाट्याला येऊ लागला. डावा हात लोंबत असे, पण उजवा तो उजवाच होता. भाकरी करपली की पाठीत, पाणी उशिरा आलं की कानाखाली. डायरीत एका ओळीची पानं वाढली.

आणि मग हा घोयऱ्या आला.

परसात एक ठेंगणं सीताफळ होतं. वस्तादाने त्यावर जुनी मच्छरदाणी टाकायला लावली आणि सरड्याला आत सोडलं. नाव ठेवलं पठ्ठ्या. "ह्याला खायला काय?" त्याने विचारलं. चतुराबाईने मेथीच्या जुडीतून उडालेला हिरवा नाकतोडा पकडून जाळीत सोडला. पठ्ठ्याचे दोन्ही डोळे एका जागी आले. तोंड किंचित उघडलं, काहीतरी लपकलं, आणि नाकतोडा फांदीवर नव्हता. नंतर फक्त कुरकुर ऐकू आली. एक तंगडी तोंडाबाहेर आली होती, ती झटके देत आत गेली.

"चीत!" वस्ताद मांडीवर थाप मारून ओरडला. "एका डावात चीत!"

तो पोरासारखा हसला. त्या संध्याकाळी भाकरी करपली होती. त्याने ती खाल्ली आणि हात उगारला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. गणपती बसले, उठले. पाठीवरचे जुने वळ पिवळे पडून गेले, नवे उमटले नाहीत. चतुराबाईने हे स्वतःशीही मोठ्याने म्हटलं नाही, पण एक दिवस न्हाताना पाठीवरून हात फिरवला आणि तिला सगळं स्वच्छ कळलं. हा सरडा जगला पाहिजे. जोवर तो खातोय तोवर तिची पाठ तिची आहे.

म्हणून ती रोज सकाळी डबा घेऊन निघायची. नासर्डी नदी ओलांडून इंदिरानगरच्या अंगाला तेव्हा लसूणघासाची, म्हणजे गुरांच्या चाऱ्याची, वावरं होती. पदर खोचून ती वाकायची, झडप घालायची, नाकतोडा डब्यात टाकून झाकण लावायची. घास कापणाऱ्या बायका हसायच्या.

पण पठ्ठ्या भलता चोखंदळ निघाला. नाकतोडा हवा, तोही हिरवा. तपकिरी दिला की मान फिरवायचा. माशी अंगावरून चालली तरी हलायचा नाही. दसरा जवळ आला तसा घास कापला गेला. दोन वावरांत तर चुन्याच्या रेघा पडल्या. तिथे बंगले होणार होते. पलीकडे द्राक्षाच्या बागांत फवारणी चाललेली, तिथला किडा ती हातात घेत नसे. डबा रिकामा येऊ लागला.

"एकाच खुराकावर पैलवान होत नसतो," वस्तादाने निकाल दिला. "नुसतं दूध प्यायला तर ढेपाळतो. ह्याला सगळं खाता आलं पायजे. झुरळ आण."

तिने मोरीतलं झुरळ आणलं. वस्ताद जाळीत शिरून पठ्ठ्याच्या समोर मांडी घालून बसला आणि झुरळ चिमटीत धरून त्याच्या तोंडापुढे नाचवू लागला. पठ्ठ्याने अंग फुगवलं. हिरवा रंग मळत मळत कोळशासारखा झाला. त्याने तोंड उघडून फूत्कार टाकला आणि पाठ फिरवली.

"खा की रं! खा!"

वस्तादाने त्याला गुडघ्याखाली दाबलं, जीभ घासायची पट्टी त्याच्या जबड्यात घातली आणि फिरवली. जबडा उघडला तसं पट्टी तिथेच अडकवून झुरळ आत कोंबलं. पठ्ठ्याच्या ओठाच्या कडेने रक्त आलं. सुटताच त्याने अर्धमेलं झुरळ रक्तासकट बाहेर ढकललं. वस्तादाने फांदीला धरून उठत सीताफळाच्या बुंध्यावर अशी लाथ घातली की पानं पडली. मग तो वळला. चतुराबाई तिथेच उभी होती. त्याचा उजवा हात वर आला. तिने डोळे मिटले नाहीत, ती हात बघत राहिली. हात तसाच खाली गेला.

"चार दिवस देतो तुला," तो म्हणाला. "खायला लाव त्याला. नाहीतर तुझ्या हाडांचा खुराक करीन."

त्या दिवसापासून चतुराबाईने दुसरं काही मनात येऊ दिलं नाही. सुलाबाई तालमीच्या कोपऱ्यावर भाजी विकायची. तिच्याकडे जाऊन चतुराबाई म्हणाली, "कोबी दे. किडका."

"अगं बाई! लोक उलटून पालटून चांगला घेतात, आणि तुला किडका?"

"अळ्या हव्यात."

"बघा! कॉन्व्हेंटात हेच शिकवलं काय? एवढे लाड तुझ्या लेकाचे…" सुलाबाई बोलून गेली आणि तिने जीभ चावली. मग कोबीची पानं सोलत बसली आणि एक एक अळी चतुराबाईच्या डब्यात टाकत गेली. "पैसे नकोत," ती म्हणाली. "रोज ये."

अळ्या आल्या, पतंग आले, विटांखालचे रातकिडे आले. चतुराबाईने झुरळांचे पंख कात्रीने कापले, मागच्या तंगड्या मोडल्या, म्हणजे ती पळणार नाहीत. उरलेला एक नाकतोडा तिने दोऱ्याला बांधला. पठ्ठ्या उन्हात फांदीच्या टोकावर येऊन तापला की ती नाकतोडा त्याच्यासमोर आणायची. डोळे एका जागी आले की दोरा ओढून घ्यायची आणि त्याच जागी पतंग सोडायची. जीभ निघायच्या बेतात असायची. पण निघायची नाही. पठ्ठ्या काळा पडायचा आणि मागे सरायचा.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती थकून चुलीपाशी येऊन बसली. वस्ताद बाहेर ओट्यावर झोपला होता. तिने ताट वाढून घेतलं आणि भराभर जेवली, लोणच्यासकट. हात धुताना तिला वाटलं, आज आपण पोटभर जेवलो. का बरं? समोर कोणी नव्हतं म्हणून.

ती उठली, जुनं लुगडं आणून मच्छरदाणीच्या एका अंगाला टाकलं आणि त्याच्या आड उभी राहून दोऱ्याचा खेळ केला. नाकतोडा आला, गेला, जागेवर पतंग. लपक! पतंगाच्या पंखांची भुकटी तेवढी हवेत राहिली. चतुराबाईने तोंडावर पदर दाबला. मग कोबीतली अळी. लपक. अळीचा हिरवा रस त्याच्या जबड्यावरून ओघळला. दसऱ्याच्या दिवशी पठ्ठ्याने रातकिडा खाल्ला आणि दिवाळीच्या आत झुरळ, पंख कापलेलं, कडाकडा चावून.

पण हे सगळं लुगड्याआड. वस्ताद समोर येऊन बसला की पठ्ठ्या कोळसा व्हायचा.

"खातो हो तो," ती सांगायची. "आज दोन झुरळं खाल्ली."

"खोटं बोलतीस."

"तुम्ही समोर बसू नका, बाजूने बघा."

"मी समोर बसू नको?" वस्तादाने डोळे बारीक केले. "ह्या हातानं शंभर जणांना जेवू घातलंय मी. खुराक समोर बसूनच घालायचा असतो. माझ्यासमोर खात नाय म्हंजे खात नाय."

चार दिवसांची मुदत केव्हाच उलटली होती, पण तिच्यावर हात टाकण्याआधी त्याने त्याच्या परीने विचार केला आणि त्याच्या परीने तो बरोबर होता. पठ्ठा जेवत नाही म्हणजे काय? भूक नाही. भूक का नाही? अंगाला कुस्ती नाही. तालमीत कोणी अन्नाला तोंड लावेनासं झालं की वस्ताद त्याला दुप्पट वजनाच्या गड्याशी जुंपायचा. मार खाऊन, माती खाऊन तो बाहेर आला की परात रिकामी करायचा. त्याने आपल्या जुन्या पठ्ठ्याला, वाल्मीकला, निरोप धाडला. वाल्मीक आता कळवणला ट्रक चालवायचा. वय झालं तरी वस्तादाचं नाव काढलं की उभा राहायचा. "डोंगराकडचा दांडगा घोयऱ्या आण," निरोप होता. "जोड लावायचीय."

नोव्हेंबरातल्या एका रविवारी तालमीचं कुलूप निघालं. वाल्मीकने फावड्याने हौद्याची माती उकरली, तेल आणि ताक शिंपडलं. जुने पैलवान आले, गल्ली आली, हलगीवाला आला. दात पडलेला भिकनही आला. घोयऱ्या मरताना बघायला मिळणार म्हणून आला असावा. चतुराबाई चुलीपाशी बसून जाळीतून बघत होती. तिला पाय दिसत होते आणि पायांच्या मधे लाल मातीवर दोन हिरवे ठिपके.

वाल्मीकचा घोयऱ्या दीडपट होता. दोघांनी एकमेकांना पाहिलं. अंगं चपटी करून उभी केली, गळे फुगवले, आणि रंग असे बदलले की बघणारे पुढे सरकले. मग दांडग्याने झेप नाही, सरळ चाल केली आणि पठ्ठ्याचा पुढचा पाय कोपरापासून जबड्यात धरला. हाड मोडल्याचा आवाज आला, वाळकी काडी मोडावी तसा. पठ्ठ्याने त्याच्या डोळ्याला धरलं. दोघे मातीत लोळले. हलगी कडाडत होती.

"धर! सोडू नको! मान धर!" वस्ताद वाकून ओरडत होता. त्याच्या तोंडाला फेस आला होता. "मार त्याला! मार!"

दांडग्याने डोळा सोडवून घेतला. डोळ्याच्या जागी लाल खळगा राहिला होता. त्याने पठ्ठ्याला उलटा केला आणि पोटाला तोंड घातलं. पठ्ठ्या आता काळाही नव्हता आणि हिरवाही नव्हता. तो फिका पडत चालला होता, मातीसारखा.

"सोडवा हो!" चतुराबाई जाळीतून ओरडली. "मरेल तो! सोडवा!"

"गप बस तिथं!" वस्तादाने मागे न बघता सांगितलं. "माती खाल्ल्याशिवाय भूक लागत नसते."

ती उठली. परसातून फिरून तालमीच्या दाराशी आली आणि उंबरा ओलांडला. माणसं बाजूला झाली, तिला वाट द्यायला नव्हे, दचकून. ती हौद्यात उतरली. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या पायांना ती माती लागली. मऊ होती, तेलकट होती. तिने दोन्ही हातांनी दोन्ही सरडे धरले आणि ओढले. दांडग्याने तिच्या अंगठ्याचा चावा घेतला, तिने तो हिसडून हौद्याबाहेर भिरकावला. पठ्ठ्याला छातीशी धरलं. त्याने तीन चांगल्या पायांनी तिच्या खांद्यावरचं लुगडं पकडलं आणि तिथेच चिकटून राहिला.

हलगी थांबली होती.

"बाईनं हौद्यात पाय ठेवला," मागून कोणीतरी म्हणालं. भिकनचा आवाज होता. "वस्ताद, तुमच्या बाईनं."

वस्ताद काठी टाकून हौद्यात उतरला. त्याचा चेहरा तिला ओळखीचा होता. दुधाचा दुसरा पेला भरतानाही तो असाच होता. त्याने उजवा हात मागे नेला, अंगात होता नव्हता तेवढा जोर त्यात घेतला आणि मारला. तो तिच्या कानावर बसला. तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली, नाकातून रक्त ओठावर आलं. पठ्ठ्याच्या नख्या खांद्यात रुतल्या. हात दुसऱ्यांदा मागे गेला.

चतुराबाईने वर पाहिलंच नाही. तिने पायांकडे पाहिलं. सगळा संसार तिने ह्या मातीतले पायच पाहिले होते. उजव्या पायावर भार, डावा नुसता टेकलेला, अंगठा आत वळलेला. असा पाय ज्याचा होतो त्याला बाहेरची टांग लागते, हे खिडकीआड बसलेल्या बाईलाही ठाऊक होतं. हात खाली येताना तिने त्याचं मनगट दोन्ही हातांनी धरलं, दोन बोटं इकडून, तीन तिकडून, आणि सोडलं नाही. त्याच्या मेलेल्या अंगाला सरकली. डाव्या पायामागे आपला पाय घातला आणि मनगट धरून सगळ्या अंगानिशी ओढलं.

वस्ताद पडला. उजवा हात पाठीखाली अडकून खांद्यात कडकन आवाज झाला. दोन्ही खांदे लाल मातीला लागले. ह्या हौद्यात त्याची पाठ मातीला लागलेली कधी कोणी पाहिली नव्हती.

"चीत!" वाल्मीक ओरडला. सवयीने ओरडला, आणि लगेच दोन्ही हात तोंडावर दाबले. हलगीवाल्याच्या काड्याही सवयीने एकदा वाजून गेल्या.

चतुराबाईने मनगट अजून धरलेलं होतं. ती वाकली. तिच्या नाकातलं रक्त त्याच्या गालावर पडलं.

"परत हात उगारलात," ती म्हणाली, कॉन्व्हेंटात कविता म्हणायची तशी एकेक शब्द वेगळा करून, "तर हेच परत करीन. झोपेत असलात तरी करीन."

वस्ताद वर बघत होता. वेदनेने त्याचे ओठ पांढरे पडले होते. "टांग," तो कसाबसा म्हणाला. "टांग कुठं शिकलीस?"

तिने मनगट सोडलं आणि पठ्ठ्याला घेऊन बाहेर गेली.

दवाखान्यात खांदा बांधला. डाव्यात जीव नव्हता आणि उजवा छातीशी पट्टीने आवळलेला. वाल्मीकने त्याला खिडकीशी खाटेवर आणून निजवलं. तिथून सीताफळ दिसायचं, पण बाजूने. बसणं त्याच्याच्याने होत नव्हतं. पठ्ठ्याचा पाय चतुराबाईने काडेपेटीतल्या काड्या आणि दोरा लावून बांधला होता, पोटाला हळद भरली होती. तो दोन दिवस डोळे मिटून बसला. त्या दोन दिवसांत ती नवऱ्याशी एक शब्द बोलली नाही आणि त्यानेही हाक मारली नाही.

तिसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर तिने लुगड्याआड उभं राहून पंख कापलेलं झुरळ फांदीवर सोडलं. पठ्ठ्याचा एक डोळा फिरला, मग दुसरा. जीभ लपकली. कुरकुर थेट खाटेपर्यंत ऐकू आली.

"झुरळ खाल्लं त्यानं," वस्ताद आतून म्हणाला.

"हो."

"कधीपासून खातोय?"

"दिवाळीच्या आधीपासून."

त्याने मान सीताफळाकडे वळवली. मग म्हणाला, "खोटं नव्हतीस बोलत." आणि थोड्या वेळाने, "भूक लागलीय."

तिने ज्वारीची भाकरी आणि कोबीची भाजी वाढून आणली. किडक्या कोबीचीच होती, अळ्या काढून घेतलेली. खाटेसमोर पाट मांडला, मांडी घालून बसली आणि घास करून त्याच्या तोंडाशी नेला. तो दुसरीकडे बघून खाऊ लागला. चतुराबाईने नजर काढली नाही. घास तोंडात जाईपर्यंत, गिळेपर्यंत ती बघत राहिली. त्याचा खांदा जुळायला किती दिवस लागतील आणि जुळल्यावर तो हात काय करील, हे तिला माहीत नव्हतं. ताटात शेवटचा घास राहिला तेव्हा त्याने तोंड मिटलं. ती थांबली. तशीच बसून राहिली. त्याने तोंड उघडलं.

संध्याकाळी भांडी घासून झाल्यावर तिने डायरी उघडली, तारीख घातली आणि लिहिलं: मच्छरदाणी खालच्या बाजूने फाटली होती, ठिगळ लावलं.